शपथेच्या आधी

पत्र असं आहे:

‘ताई, माझं वय ३४. खासगी नोकरी करतो. मी नववीत असताना वडील गेले. पुढचं शिक्षण, नोकरीची खटपट, लग्न, सगळं मामांनी पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी मामांचा १९ वर्षांचा मुलगा माझी कार चालवत होता, मी शेजारच्या सीटवर होतो. वळणावर पायी चाललेल्या एका गृहस्थांना धडक बसली. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. मुलाकडे लायसन्स नव्हतं. मामा आले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “गाडी तुझी, लायसन्स तुझं, विमा तुझ्या नावावर. तूच चालवत होतास म्हण, काही होत नाही.” पोलिसांना मी तसाच जबाब दिला आणि गुन्हा माझ्यावर नोंदला गेला. आता त्या गृहस्थांनी नुकसानभरपाईचा दावा लावलाय. मामांच्या ओळखीच्या वकिलांनी माझी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवलंय. पुढच्या आठवड्यात सही करायची आहे. बायको म्हणते, सही करू नका. मामा म्हणतात, आता फिरलास तर दोघंही आत जाल. बायकोचा आणखी एक प्रश्न आहे: उद्या आपली खरी तक्रार असली आणि ती सिद्ध झाली नाही, तर त्यालाही खोटं म्हणतील का? खोटं बोलल्याची शिक्षा नेमकी किती? मागे फिरता येतं का?’

सही करू नका. तुमची पत्नी बरोबर सांगते आहे. बाकी उत्तर लांबलं तरी ही एक गोष्ट आधी पक्की करा.

तुम्ही आज कुठे उभे आहात ते आधी समजून घेऊ, कारण मामांना आणि बहुधा तुम्हालाही असं वाटतंय की जे व्हायचं ते दवाखान्यातल्या त्या रात्रीच होऊन गेलं. तसं नाही. पोलिसांना दिलेला जबाब शपथेवर नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम १८० खाली तपासी अंमलदार जो जबाब लिहून घेतात त्यावर सहीसुद्धा लागत नाही, किंबहुना ती घेऊच नये असं पुढचं कलम सांगतं. प्रतिज्ञापत्राचं तसं नाही. ते तुम्ही शपथेवर करता आणि ते अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे पुरावा म्हणून जातं. कायद्याच्या नजरेत या दोन कागदांमध्ये फार मोठं अंतर आहे आणि सुदैवाने तुम्ही अजून अलीकडच्या बाजूला आहात.

आता आकडे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तुमचा अपघात त्यानंतरचा आहे, म्हणून नवी कलमं लागतील. सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती द्यायची आणि खरं माहीत असतं तर त्याने जे केलं नसतं ते त्याच्याकडून करवून घ्यायचं, हा कलम २१७ चा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हीच कैद सहा महिन्यांची होती. दुसरं कलम २३८, म्हणजे गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं किंवा खोटी माहिती देणं. त्याची शिक्षा मूळ गुन्ह्यावर अवलंबून असते. तुमच्यासारख्या प्रकरणात मूळ गुन्ह्याच्या जास्तीत जास्त कैदेचा एक चतुर्थांश. निष्काळजीपणाने एखाद्याचं हाड मोडलं तर कलम १२५(ब) लागतं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिचा चौथा भाग नऊ महिने होतो.

आणि प्रतिज्ञापत्रावर सही झाली तर? मग कलम २२९ येतं. न्यायिक कार्यवाहीत खोटा पुरावा देणं, सात वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. ‘ते तर फक्त भरपाईचं कोर्ट आहे’ असं कुणी म्हणेल. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १६९ या कामापुरतं दावा न्यायाधिकरणाला दिवाणी न्यायालयच मानतं. तिथली शपथ इतर कुठल्याही न्यायालयातल्या शपथेइतकीच बांधून घेणारी आहे.

हे आकडे मामांसमोर शेजारी शेजारी लिहून ठेवा. मामेभावाने जे केलं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, आणि तो जामीनपात्र गुन्हा आहे. विनापरवाना गाडी चालवल्याबद्दल त्याला वेगळे तीन महिने किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ते झाकण्यासाठी तुम्हाला जे करायला सांगितलं जातंय त्याला सात वर्षं आहेत. एका चुकून घडलेल्या अपघातापासून मुलाला वाचवायला घरातला दुसरा माणूस त्याहून मोठ्या आणि ठरवून केलेल्या गुन्ह्यात उभा राहतोय. मला वाटतं, हे गणित मामांना कुणी मांडून दाखवलेलंच नाही. त्यांनी त्या रात्री बाप म्हणून विचार केला. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण खोटा पुरावा द्यायला लावणाराही अपप्रेरणेसाठी जबाबदार धरला जातो, म्हणजे या सात वर्षांच्या कक्षेत तेही येतात.

वकिलांच्या खोल्यांबाहेर एक वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘आरोपी खोटं बोलला तरी शिक्षा नसते.’ तुम्हालाही कुणी ते सांगितलं असेल. हे वाक्य अर्धं खरं आहे. फौजदारी खटल्यात पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. ते शपथेवर नसतात आणि त्यांना खोटं उत्तर दिलं म्हणून शिक्षा होत नाही, हे सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ मध्ये लिहिलेलं आहे. आरोपीला गप्प राहण्याचा हक्कही आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेला. पण भरपाईच्या दाव्यात तुम्ही आरोपी नसता. तिथे तुम्ही जाबदेणार, म्हणजे ज्याच्यावर दावा लावलाय तो, असता, स्वतःहून शपथेवर सरतपासणीचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र देता आणि मग उलटतपासणीला उभे राहता. ती सूट तिथे तुमच्या मदतीला येत नाही.

उलटतपासणीबद्दल थोडं सांगते, कारण अशी प्रकरणं तिथेच फुटतात. विमा कंपनीचा वकील तुम्हाला ‘गाडी कोण चालवत होतं?’ असं विचारणारच नाही. तो दवाखान्याचे कागद उघडेल. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून खाली येतो आणि शेजारच्याचा डाव्या. धडकेच्या रात्री तुम्हा दोघांपैकी कुणाला खांद्यावर वळ उठले असतील आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बाजू लिहून ठेवली असेल, तर तो एक शब्द तुमच्या चार पानी प्रतिज्ञापत्राला भारी पडतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एका प्रकरणात पंचनाम्यात लिहिलं होतं की चालकाची सीट पूर्ण मागे सरकवलेली होती, आणि गाडी आपण चालवत होतो असं सांगणाऱ्या बाईंचे पाय त्या सीटवरून ब्रेकपर्यंत पोचलेच नसते. त्या बाई उलटतपासणीत रडल्या. मी त्यांच्या विरुद्ध बाजूला होते, तरी तो दिवस मी विसरलेले नाही. भावाला वाचवायला निघालेली चांगली बाई होती ती. याशिवाय रस्त्यावरचे कॅमेरे, त्या वेळी कुणाच्या फोनवरून कुणाला कॉल गेला त्याची नोंद आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खुद्द जखमी गृहस्थ. काचेआड कोण होतं ते त्यांनी पाहिलं असेल. त्यांना मदत करायला तुम्ही दोघं उतरलात तेव्हा कोण कुठल्या दारातून उतरलं, तेही पाहिलं असेल.

मामांचा दुसरा आधार विम्याचा आहे. लायसन्स नसलेला मुलगा चालवत होता असं कळलं तर कंपनी हात वर करेल आणि सगळा बोजा घरावर येईल, ही भीती. ही भीती खोटी नाही आणि मी ती हलकी करून सांगणार नाही. पण ती अपुऱ्या माहितीवर उभी आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंह प्रकरणात हा प्रश्न सविस्तर सोडवला. चालकाकडे परवाना नव्हता एवढ्यावरून कंपनी जखमीला वाऱ्यावर सोडू शकत नाही. न्यायाधिकरण तिला आधी पैसे भरायला लावून मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं, आणि ती मुभा मिळवायला मालकाची चूक कंपनीला सिद्ध करावी लागते. म्हणजे जखमीचे पैसे बुडत नाहीत. वसुली मात्र तुमच्यावर येऊ शकते, कारण तुम्ही शेजारी बसून गाडी चालवू दिलीत. मालक म्हणून तुमच्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८० ही लागू शकतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. खरं बोलण्याची ही किंमत आहे. ती मी तुमच्यापासून लपवली तर मीही मामांसारखंच ‘काही होत नाही’ म्हटल्यासारखं होईल.

इथे एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही आणि ती फार महत्त्वाची आहे. मुलाकडे ‘लायसन्स नव्हतं’ म्हणजे पक्कं नव्हतं की शिकाऊही नव्हतं? १९ वर्षांची मुलं बऱ्याचदा शिकाऊ परवाना काढून बसलेली असतात आणि घरचे त्याला लायसन्स समजतच नाहीत. शिकाऊ परवाना चालू असेल आणि पक्का परवाना असलेले तुम्ही शेजारी बसलेले असाल, तर चित्र बरंच वेगळं होतं. त्याच २००४ च्या निकालात शिकाऊ परवानाधारकालाही परवानाधारकच धरलं आहे. हा कागद आजच शोधा. घाबरून रचलेलं खोटं बऱ्याचदा अशा धोक्यासाठी असतं जो मुळात तेवढा मोठा नसतोच.

उलट खोट्या प्रतिज्ञापत्राने विमा कंपनीकडून पैसे भरवले तर तो फसवणुकीचाही प्रश्न होतो. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली त्यालाही सात वर्षांपर्यंत कैद आहे.

तुम्ही विचाराल, खोट्या साक्षीबद्दल खरंच किती जणांवर खटले होतात? प्रामाणिक उत्तर: फार थोड्यांवर. पोलिस परस्पर असा खटला भरू शकत नाहीत. न्यायालयासमोरच्या खोट्या पुराव्यासाठी त्या न्यायालयानेच लेखी तक्रार करावी लागते आणि कलम २१७ साठी त्या सरकारी नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने. सुरक्षा संहितेच्या कलम २१५ आणि ३७९ मधला हा रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००५ मध्ये स्पष्ट केलं की प्रत्येक खोट्यासाठी न्यायालयाने तक्रार केलीच पाहिजे असं नाही. न्यायाच्या हितासाठी ती करणं गरजेचं वाटलं तरच करायची. मात्र हे वाचून धीर धरू नका. सगळ्यांनाच खोटं सोयीचं असेल तिथे ते दबून राहतं. तुमच्या दाव्यात विमा कंपनीला ते उघडं पाडण्यात पैशाचा सरळ फायदा आहे, त्यामुळे कलम ३७९ चा अर्ज तिचा वकील देईल असं धरूनच चाला. शिवाय मे २०२४ मध्ये पुण्यात दोन तरुण जीव गेले त्या कार अपघातानंतर, गाडी मीच चालवत होतो असं सांगण्यासाठी घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आणि रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला. तेव्हापासून चालक बदलल्याचा संशय आला की तपास यंत्रणा आणि न्यायालयं तो सहज सोडत नाहीत, असं मला दिसतं.

तुमच्या पत्नीचा प्रश्न या सगळ्यापेक्षा मोठा आहे. मला भेटणाऱ्या कितीतरी बायका याच भीतीने पोलिस ठाण्याच्या पायरीवरून परत फिरलेल्या असतात. त्यांना सांगा: सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात पोलिस तपास बंद करतात तेव्हा ‘समरी’ पाठवतात आणि तिचे प्रकारच हा फरक सांगतात. गुन्हा घडला पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर ए समरी. तक्रार जाणूनबुजून, द्वेषाने खोटी केली असं दिसलं, तर बी समरी. गैरसमजातून तक्रार झाली किंवा प्रकरण दिवाणी निघालं, तर सी समरी. खोटा आरोप केल्याबद्दल कारवाईचा विषय निघतो तो बी समरीच्या वाटेने, आणि तीसुद्धा पोलिसांच्या मतावर थांबत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे जाते. फिर्यादीला तिथे आपलं म्हणणं मांडता येतं.

निरपराध माणसाला त्रास द्यायच्या हेतूने, आधार नाही हे माहीत असताना खोटा गुन्हा लावणं हे न्याय संहितेचं कलम २४८ आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, आणि आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद. शिक्षा कडक आहे आणि असावीही, कारण खोट्या आरोपाने माणसाची नोकरी, घर, नाव सगळं जातं. पण ‘हेतू’ आणि ‘माहीत असताना’ हे दोन शब्द त्या कलमाचा कणा आहेत. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगणारी आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगणारी बाई त्यात बसत नाही, मग न्यायालयात काहीही लागो. तारीख आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. अंदाजाने ठोकून दिलेली वेळ पुढे खोटेपणाचा पुरावा म्हणून दाखवली जाते.

आता परतीचा रस्ता. तो आहे.

पहिलं काम, स्वतःचा वेगळा वकील करा, फौजदारी कामं करणारा. मामांच्या ओळखीचे वकील कितीही सज्जन असोत, तुमचं हित आणि मामेभावाचं हित आता एक राहिलेलं नाही, आणि एक वकील दोन्ही सांभाळू शकत नाही. त्यांना खरी हकिकत माहीत आहे का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत असूनही त्यांनी हे प्रतिज्ञापत्र तयार केलं असेल तर तिथे पुन्हा जाऊच नका. नव्या वकिलाला सगळं जसं घडलं तसं सांगा. झालेल्या गोष्टीबद्दल अशील वकिलाला जे सांगतो ते तो बाहेर बोलू शकत नाही, साक्ष्य अधिनियमाने त्याचं तोंड बांधलेलं आहे. मात्र हे संरक्षण पुढे करायच्या बेकायदा कामाच्या सल्ल्याला नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, १५१०० वर फोन केलात तर माहिती मिळते.

पोलिसांकडे एकटे जाऊन ‘मी खोटं बोललो’ असं सांगून मोकळे होऊ नका. मन हलकं करायची घाई मला समजते, पण तुम्ही सध्या आरोपी आहात आणि काय, कधी, कुठल्या शब्दांत सांगायचं हे वकिलाने ठरवायचं आहे. साधारण वाट अशी असते: तपासी अंमलदारांना लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवून घ्यायला सांगायचं, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची, आणि ठाण्यात टाळाटाळ झाली तर तोच अर्ज वरिष्ठांना आणि गरज पडली तर दंडाधिकाऱ्यांना द्यायचा. दोषारोपपत्र गेलेलं नसेल तर हे सगळ्यात सोपं. गेलं असेल तरी वाट बंद होत नाही, लांब होते. आणि कुठल्याही परिस्थितीत तारखेला उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणू नका. थोडा दंड भरून मिटतं असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तुम्ही न केलेला गुन्हा कायमचा तुमच्या नावावर लागेल आणि दाव्यात तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल. पोलिसांजवळचा कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा होत नाही, न्यायालयातली कबुली होते.

आपण होऊन खरं सांगितलं म्हणून कलम २१७ किंवा २३८ आपोआप पुसलं जात नाही, हेही ऐकून ठेवा. पण शपथ घ्यायच्या आधी, पकडले जायच्या आधी, स्वतःहून आलेला माणूस आणि उलटतपासणीत उघडा पडलेला माणूस यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. शपथेवर एकदा एक आणि मग दुसरं बोललात तर कायद्याला कुठलं खोटं हे शोधायचीही गरज उरत नाही. दोन्ही विधानं खरी असू शकत नाहीत एवढ्यावर पर्यायी आरोप ठेवता येतो, सुरक्षा संहितेच्या कलम २४४ मध्ये तसं उदाहरणच दिलं आहे. म्हणूनच मी सारखी सहीपाशी येते आहे.

मामांशी बोलायला पोलिसांच्या आधी जा. त्यांना पोलिसांकडून कळावं असं करू नका, तेवढं देणं तुम्ही त्यांचं लागता. मुलालाही समोर बसवा. तो १९ वर्षांचा आहे, त्याच्याबद्दल त्याला वगळून निर्णय घेतले जातायत आणि त्याला रात्री झोप लागत असेल असं मला वाटत नाही. कदाचित तोच पहिला होकार देईल. मामा चिडतील, उपकार काढतील. काढू द्या. त्यांनी तुम्हाला शिकवलं ते खरं आहे आणि त्याची परतफेड तुम्ही आयुष्यभर करालच, त्यांच्या म्हातारपणात, त्या मुलाच्या वकिलाची फी भरण्यात, त्याच्याबरोबर प्रत्येक तारखेला जाण्यात. हे त्यांना शब्दांत सांगा: ‘मी त्याच्या बाजूला उभा राहीन, त्याच्या जागी नाही.’

तुमच्या पत्रात ते जखमी गृहस्थ एका ओळीत येतात. मांडीचं हाड जुळायला महिने लागतात. ते काम करू शकतात का, घरात कमावणारं दुसरं कुणी आहे का? खोटं प्रतिज्ञापत्र फुटलं तर दावा लांबेल आणि त्या प्रत्येक महिन्याची किंमत ते मोजतील, ज्यांची यात काहीच चूक नाही. वकिलाला विचारून, दाव्याला बाधा येणार नाही अशा रीतीने, त्यांच्या औषधपाण्याला आत्ताच काही देता येतं का तेही पाहा.

वकिलाकडे जाताना एफआयआरची प्रत, समन्स, विम्याची पॉलिसी, दवाखान्याचे दोघांचे केसपेपर, मुलाचा शिकाऊ परवाना सापडला तर तो, आणि ते तयार ठेवलेलं प्रतिज्ञापत्रही मागून न्या, तसंच, सही न केलेलं.